दोन बोटं ईशान्येला

“जुना नकाशा योग्य जागी न्यायचा का?” असं संगणकानं हेमचंद्र वैजापूरकरांना सोमवारी सकाळी सव्वाअकराला विचारलं, आणि नेमकं त्याच वेळी कानाला लावलेल्या फोनवर यमुनाबाईंनी विचारलं, “रविवारी ऐंशी पानं धरू ना?” वैजापूरकर दोघांनाही हो म्हणाले. हो म्हटलं की समोरचं गप्प बसतं, हा त्यांचा चौतीस वर्षांच्या नोकरीचा आणि एकतीस वर्षांच्या संसाराचा अनुभव होता. त्या दिवशी तो दोन्हीकडे खोटा ठरला.

ऐंशी पानं बारशाची होती. लेक हिमानी बाळंतपणाला माहेरी आलेली, पहिली नात झालेली, आणि रविवारी बारसं घरीच करायचं असं यमुनाबाईंनी ठरवलेलं. हॉल घेऊ या का, असं वैजापूरकरांनी एकदा हळूच विचारून पाहिलं होतं. “स्वतःचं घर बांधलंय ते कशाला?” असं म्हणून यमुनाबाईंनी आमंत्रणांची यादी काढली. त्यात व्याही नाशिकचे. नाशिक म्हणजे आपलं पाणी वरच्या वर अडवणारी माणसं, असं जायकवाडीच्या आशेवर जगणारा प्रत्येक जण मानतो. अशा माणसांसमोर हात धुवायला तांब्यात पाणी नाही, अशी वेळ येता कामा नये, एवढी एकच गोष्ट यमुनाबाईंच्या जिवाला लागली होती. त्यांच्या शांतिबन सोसायटीत टँकर मंगळवारी आणि शनिवारी यायचा. शनिवारी टाकी भरली की रविवारी बारसं निभावलं, इतकं सरळ होतं सगळं.

आता हे टँकर कुठे जायचे हे ज्या नकाशावरून ठरायचं, तो नकाशा वैजापूरकरांच्याच टेबलावर असायचा. टंचाई शाखेत ते आरेखक होते. सलग दुसरं वर्ष पाऊस नव्हता, धरण मृतसाठ्यात गेलं होतं, आणि शहर मात्र कोणाला न विचारता चहूबाजूंनी सुटलं होतं. बायपासच्या पलीकडे सोसायट्या उठल्या. त्यांच्या जाहिरातीत चोवीस तास पाणी होतं आणि बोअरमध्ये नुसती हवा. करमाडपासून बजाजनगरपर्यंत दोनशे चौदा ठिकाणी टँकर जायचे, आणि प्रत्येक ठिकाणाचा नकाशावर एक निळा ठिपका होता. दोनशे चौदा हा आकडा वरून मंजूर होऊन आलेला. दोनशे पंधरावा ठिपका ब्रह्मदेवानं अर्ज केला असता तरी मिळाला नसता.

हा नकाशा ‘भूरेखा’ नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये होता आणि त्याची ही पाचवी नवी आवृत्ती. वैजापूरकर नोकरीला लागले तेव्हा नकाशे ट्रेसिंगच्या कापडावर शाईनं काढायचे. बदल करायचा तर ब्लेडनं खरवडावं लागे, आणि खरवडायच्या आधी माणूस दोनदा विचार करत असे. आता कंपनीला वाटलं की बदलतं आणि सोबत अकरा पानांचं परिपत्रक येतं. ते परिपत्रक उपअभियंता कारभारी औताडे साहेबांनी सकाळीच त्यांच्यापुढे टाकलं होतं.

“वैजापूरकर, हे वाचा आणि खाली सही करा.”

“साहेब, तुम्ही वाचलंत?”

“मी सही केली.”

वैजापूरकरांनी वाचायला घेतलं. नव्या सोयी पुष्कळ होत्या. नकाशा आता थेट ड्रायव्हरच्या फोनवर जाणार होता, आणि ठिपक्यापासून वीस पावलांच्या आत कॉक सोडला तरच त्याची फेरी लागणार होती. कोणी ठिपका हलवला तर त्याचं नाव आणि वेळ व्हरांड्यातल्या टीव्हीवर सगळ्या जगाला दिसणार होती. जुन्या आवृत्तीतले नकाशे आपोआप योग्य जागी सरकणार होते. शेवटच्या पानावर मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं की नव्या आवृत्तीत एकदा उघडलेली फाईल जुन्या आवृत्तीत परत उघडणार नाही. पण तोवर यमुनाबाईंचा फोन आला होता आणि शेवटचं पान राहून गेलं.

मंगळवारी टँकर आला नाही. म्हणजे यमुनाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे आला, पण थांबला नाही.

“मी गच्चीवरून हात केला,” त्या फोनवर म्हणाल्या. “त्या टँकरवाल्या फकिरानं माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. आणि मेला पुढे खदानीकडे निघून गेला.”

“अगं, डिझेल भरायला गेला असेल.”

“खदानीत डिझेल मिळतं का?”

बुधवारी सकाळी फकिरा स्वतःच ऑफिसात आला. सहा वर्षं तो शांतिबनचा टँकर आणायचा, दर दिवाळीला चिवडा घेऊन जायचा. खाली मान घालून उभा राहिला.

“भाऊसाहेब, काकू लई रागावल्या असतील ना?”

“थांबला का नाहीस पण?”

“फोन म्हणला, पुढं चल. दोनअडीचशे पावलं पुढं खदान हाय, तिथं ती गुंठेवारीची वस्ती. तिथं गेल्यावर फोन म्हणला, पोचलात. आता पोचलो म्हणल्यावर सोडला कॉक.”

“तुला आमची सोसायटी माहीत नाही?”

“मला ठाव हाय हो. फोनला कुठं ठाव हाय? ठिपक्यापाशी कॉक नाय सोडला तर फेरी लागत नाय, अन् फेरी नाय लागली तर मालक घरी बसवतो. म्या काय करावं, तुम्हीच सांगा.”

वैजापूरकरांनी त्याला चहा पाजला आणि स्वतः नकाशा उघडून बसले. दोनच मिनिटांत सगळा घोटाळा त्यांच्या ध्यानात आला.

त्याचं असं होतं. जुन्या सॉफ्टवेअरला एक जन्मजात खोड होती. जागेवर जाऊन यंत्रानं मोजणी घ्यावी, ती नकाशावर टाकावी, तर ठिपका खऱ्या जागेपासून नैऋत्येला पडायचा. थोडाथोडका नाही, स्क्रीनवर चांगला दोन बोटं. छावणीच्या बाजूचा ठिपका नाल्यात, करमाडच्या शाळेचा ठिपका कोणाच्या तरी उसात. आठ वर्षांपूर्वी वैजापूरकरांनी कंपनीला तीन पत्रं लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे. मग त्यांनी ट्रेसिंगच्या फिल्मची दोन बोटं रुंद पट्टी कापली, ती स्क्रीनला लावली, आणि एकेक ठिपका दोन बोटं ईशान्येला सरकवून बरोबर जागी आणला. पुढे जो नवा ठिपका आला तोही तसाच. आठ वर्षांत दोनशे चौदा ठिपके. नकाशा अगदी तंतोतंत झाला. हे त्यांनी कोणाला सांगितलं नाही आणि कुठे लिहूनही ठेवलं नाही. लिहिलं असतं तर ‘कोणाच्या आदेशानं?’ असा शेरा आला असता. सरकारी कामात आदेशानं केलेली चूक पचते, आदेशावाचून केलेली दुरुस्ती अंगावर येते, हे त्यांनी चौतीस वर्षांत पुरतं पाहिलं होतं.

आणि आता आठ वर्षांनी कंपनीला जाग आली होती. तिनं ती खोड काढली, आणि जुने नकाशे दोन बोटं ईशान्येला नेऊ का, असं अदबीनं विचारलंही. वैजापूरकर हो म्हणाले. आमटीत आईनं मीठ घातलेलं असावं आणि लेकीनं न चाखता पुन्हा घालावं, तसं दोनशे चौदा ठिकाणी झालं.

तोवर ऑफिसातले फोन वाजायला लागलेच होते. बजाजनगरचा टँकर एका मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहत होता आणि कार्यालयाचा मालक काही न विचारता टाकी भरून घेत होता. छावणीच्या बाजूचा टँकर एका बंद गोदामाच्या भिंतीसमोर रिकामा झाला. करमाडचा तर ओढ्यात. तिथून गावकऱ्यांचा फोन आला की माणसं तहानलेली आहेत, म्हशी तेवढ्या खूष आहेत.

वैजापूरकरांनी कंपनीला फोन लावला. पाऊण तास संगीत ऐकल्यावर राजनंदिनी नावाच्या एक बाई बोलायला आल्या. आवाज इतका गोड की भांडायची सोय नाही.

“सर, मी तपासलं. सिस्टीमनं सगळे पॉइंट अचूक सरकवलेत. चूक जुन्या फाईलमध्ये दिसतेय. जुन्या नकाशात कोणी हातानं काही केलं होतं का?”

“केलं असावं,” वैजापूरकर म्हणाले.

“मग तर सर, सिस्टीमला दोष देता येणार नाही ना.”

“दोष नकोच आहे मला. जुनी फाईल परत द्या.”

“ती आता जुन्यात उघडणार नाही, सर. शेवटच्या पानावर दिलंय.”

“बरं, मग सगळे ठिपके एकदम मागे घेता येतील?”

“आधी यायचे. ती सोय या आवृत्तीत काढलीये, सर. वापरणाऱ्यांच्या सोयीसाठी. एकेक करून घ्या ना. तुम्हाला आमच्या सेवेला किती गुण द्यावेसे वाटतात?”

वैजापूरकर औताडे साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांनी सगळं खरं सांगून टाकलं. खरं सांगायचं तर त्यांना त्याचा थोडा आनंदही झाला. आठ वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट होती.

औताडे साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे आठ वर्षं तुम्ही ठिपके हलवत होता?”

“हो.”

“कोणाच्या आदेशानं?”

“म्हणूनच सांगितलं नव्हतं, साहेब.”

“मग आताही सांगितलं नाही असं समजू. तुम्ही बोलला नाहीत, मी ऐकलं नाही. निमूट एकेक मागं घ्या.” मग ते एकदम सावध झाले. “आणि तुमची ती शांतिबन सगळ्यात शेवटी.”

“साहेब, यादीत ती सदतिसावी आहे.”

“असू दे. व्हरांड्यात टीव्ही लावलाय ना, त्याच्यावर नाव येतं. पहिल्याच दिवशी ‘वैजापूरकर, शांतिबन’ असं झळकलं तर लोक म्हणतील, औताडेच्या शाखेत टँकर घरी वळवतात. शेवटी म्हणजे शेवटी.”

साहेबांचं म्हणणं चुकीचं नव्हतं आणि वैजापूरकरांना तेच जास्त लागलं. स्वतःच्या घराचं पाणी आपल्याच चुकीनं गेलं, आपल्याच हातानं परत आणता येतं, आणि आणलं तर आपणच चोर ठरतो. त्यांनी पट्टी शोधली. ड्रॉवरच्या तळाशी होती, पिवळी पडलेली. ती स्क्रीनला लावून ते ठिपके मागे घ्यायला बसले. बुधवारी तीस झाले, गुरुवारी साठ, शुक्रवारी सत्तर. मान धरली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. घरी गेल्यावर यमुनाबाई फक्त एवढंच विचारायच्या, “आपला झाला?” आणि ते म्हणायचे, “शनिवारी टँकर निघायच्या आत होतो.” टाकीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बाळाची अंघोळ आणि दुपटी व्हायची, बाकीच्यांनी ओल्या टॉवेलनं अंग पुसायचं.

शनिवारी साडेबाराला दोनशे तेरावा ठिपका जागेवर आला. शांतिबनचा टँकर चारला निघायचा. वैजापूरकरांनी पाठ मोकळी केली, खदानवस्तीवर जाऊन बसलेला आपला ठिपका माउसनं धरला आणि तेवढ्यात दारातून आवाज आला.

“नकाशावाले सायेब हितं बसतात व्हय?”

पन्नाशीच्या एक बाई होत्या, मागे आणखी पाच जणी. हातात शाल, नारळ आणि पेढ्यांचा पुडा. खदानवस्तीतून दोन रिक्षा बदलून आल्या होत्या. वैजापूरकर उठणार तोच केबिनचं दार उघडून औताडे साहेब बाहेर आले. शाल आणि नारळ हातात असलेलं माणूस त्यांना बंद दाराआडूनही कळायचं.

“या, या. काय नाव, मावशी?”

“कडूबाई. सायेब, सहा वर्षं अर्ज देतो आम्ही. दर खेपेला एकच सांगणं, वस्ती नकाशात नाय. म्या म्हणलं, आम्ही हितं सहा जणी उभ्या हाओत, दिसत नाय का? तर म्हणे, तुम्ही दिसता, वस्ती दिसत नाय. अन् मंगळवारी बघते तर टँकर आपल्या पायानं दारात. बाया रडल्या, सायेब. म्हणलं, ज्यानं नकाशात घेतलं त्याचे पाय तरी बघून येऊ.”

औताडे साहेबांनी पाय थोडे पुढे केले. शाल अंगावर घेतली. रोज चहाला येऊन बसणारा एका सांजदैनिकाचा वार्ताहर तिथंच होता, त्यानं फोटो काढला. साहेबांनी चार वाक्यांचं भाषणही केलं. नकाशाबाहेर राहिलेल्या प्रत्येक वस्तीला शोधून काढायचं, असं आमच्या शाखेनं ठरवलंय, असं त्यात होतं. ते शाखेनं कधी ठरवलं हे वैजापूरकरांना माहीत नव्हतं. ते ठिपक्यावर बोट ठेवून तसेच बसून होते. कडूबाईंनी त्यांच्याही हातावर एक पेढा ठेवला. “तुम्ही बी घ्या, भाऊसाहेब. तुम्ही बी दमलेले दिसता.”

त्यांनी तो पेढा न खाता टेबलावर ठेवला. चार दिवस ते या बायकांच्या तोंडचं पाणी काढायला बसले होते, हे त्यांना माहीतच नव्हतं असं नाही. पण ठिपका म्हणजे ठिपका होता, त्याला तोंड नव्हतं. आता सहा तोंडं समोरून हसत हसत निघून गेली.

बायका गेल्यावर ते केबिनमध्ये गेले. “साहेब, तो ठिपका शांतिबनचा आहे. मागे घेतो.”

“कोणता ठिपका?”

“खदानवस्तीवर बसलाय तो.”

“वैजापूरकर, फोटो छापून येणार. इकडं शाल पांघरली आणि तिकडं टँकर बंद केला, कसं दिसेल ते? हात लावायचा नाही त्याला.”

“साहेब, उद्या घरी बारसं आहे.”

“अभिनंदन,” औताडे साहेब म्हणाले. “पेढा मिळाला ना तुम्हाला?”

चारला फकिराचा टँकर शांतिबनच्या गेटासमोरून गेला. या वेळी त्यानं बघितलंही नाही.

संध्याकाळी वैजापूरकरांनी अकरा खाजगी टँकरवाल्यांना फोन केले. सगळ्यांचं एकच, बुधवारच्या आत जमत नाही. मग त्यांनी यमुनाबाईंना सोमवारपासूनचं सगळं सांगितलं. त्या पुरणाची डाळ निवडत होत्या. ऐकून घेतलं आणि निवडलेलीच डाळ पुन्हा निवडायला घेतली. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“आठ वर्षं सगळ्यांचं पाणी बरोबर पोचवलंत,” त्या शेवटी म्हणाल्या, “आणि चुकलात ते माझ्या नातीच्या बारशाला.”

रविवारी सकाळी सहालाच यमुनाबाई दोन हंडे घेऊन घराबाहेर पडल्या. वैजापूरकर दोन बादल्या घेऊन मागोमाग. कुठे, हे विचारायची त्यांची हिंमत झाली नाही. दोनअडीचशे पावलं चालल्यावर खदानवस्ती आली. दारोदारी निळे पिंप भरून ठेवलेले, वर फडकी बांधलेली. पहिल्याच दारात कडूबाई चूल पेटवत होत्या. त्यांनी यमुनाबाईंकडे निरखून बघितलं.

“शांतिबनच्या काकू ना तुम्ही?”

“हो.”

“मागल्या उन्हाळ्यात आम्ही पाणी मागायला आलो व्हतो. गेटावर तुम्हीच व्हत्या.”

वैजापूरकरांना हे नवीन होतं. सोसायटीच्या महिला मंडळानं ठराव केला होता, बाहेरच्यांना पाण्यासाठी आत सोडायचं नाही, आणि मंडळाच्या अध्यक्षा यमुनाबाई होत्या. त्या दिवशी गेट त्यांनीच लावून घेतलं होतं. यमुनाबाईंचा चेहरा उतरला. सबब सांगता आली असती, पण त्यांनी सांगितली नाही.

“मीच होते,” त्या म्हणाल्या. “आज नातीचं बारसं आहे. घरात तांब्याभर पाणी नाही.”

“पोरगा का पोरगी?”

“मुलगी.”

कडूबाईंनी हात झटकले आणि पिंपावरचं फडकं सोडलं. “भरा काकू. आमच्याकडं गेट नाय.”

यमुनाबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि हंडा पुढे केला. वैजापूरकर पलीकडे खदानीकडे बघत उभे राहिले. चार हंडे-बादल्यांनी ऐंशी माणसांचं काय होणार, म्हणून कडूबाईंनी आणखी दहा-बारा बायांना हाक मारली, आणि नऊ वाजेपर्यंत शांतिबनमधली टाकी अर्धी झाली.

बारसं यथासांग झालं. मुलीचं नाव मनस्विनी ठेवलं. कडूबाई पाळण्यापाशी बसल्या, पुरणपोळी जेवल्या, बाळाच्या मुठीत दहाची नोट कोंबून गेल्या. नाशिकच्या विहीणबाईंनी तीनदा हात धुतले, अंगणात ठेवलेले भरलेले हंडे बघितले आणि म्हणाल्या, “तुमच्याकडे तर भरपूर पाणी आहे की. उगीच आमच्या धरणांच्या नावानं ओरडता तुम्ही लोक.” यमुनाबाईंनी तेही गिळलं आणि आणखी एक पोळी वाढली.

सोमवारी शांतिबनचा मोर्चा ऑफिसावर आला. मोर्चात फोडायला माठ लागतात, पण सोसायटीत सगळ्यांकडे फिल्टर, म्हणून त्यांनी प्लॅस्टिकच्या बादल्या बडवल्या. पुढे सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, घोषणा देता देता दर दोन मिनिटांनी खाली बसायचे. भिंतीवर शालीतल्या औताडे साहेबांचं कात्रण लावलेलं होतं. साहेबांनी खिडकीतून बादल्या बघितल्या, मग कात्रण बघितलं.

“वैजापूरकर, दोनशे पंधरावा ठिपका मागायचा का वरून?”

“मिळेल, साहेब?”

“मिळेल की. पुढच्या दुष्काळात.” ते खुर्चीत खचले. “काहीतरी करा. फक्त काय केलंत ते मला सांगू नका.”

वैजापूरकर जागेवर येऊन बसले. ठिपका शांतिबनला न्यावा तर कडूबाईंचं पिंप कोरडं, तिथंच ठेवावा तर मनस्विनीची दुपटी पाण्यावाचून. त्यांनी पट्टी लावून मधलं अंतर मोजलं. मग ठिपका उचलून दोघांच्या मधोमध, उघड्या माळावर ठेवला. चार वाजून दहा मिनिटांनी व्हरांड्यातल्या टीव्हीवर अक्षरं उमटली, हेमचंद्र वैजापूरकर, शांतिबन-खदानवस्ती. याआधी दोनशे तेरा वेळा ते येऊन गेलं होतं, पण साहेबांच्या सांगण्यावरून, आणि स्वतःच्या मनानं केलेल्या कामावर त्यांचं नाव आठ वर्षांत प्रथमच आलं होतं. ते उठून बाहेर गेले आणि एकटेच थोडा वेळ ते वाचत उभे राहिले.

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तेही बादल्या घेऊन माळावर गेले. टँकर नकाशाप्रमाणे थांबला होता. झाड नाही, सावली नाही, वर मे महिन्याचं ऊन. दोन्हीकडची माणसं सव्वाशे-सव्वाशे पावलं चालून एका रांगेत उभी होती आणि दोन्हीकडची चिडलेली होती. रांगेत मधोमध कडूबाई होत्या, त्यांच्यामागे यमुनाबाई. वैजापूरकर जाऊन बायकोशेजारी उभे राहिले.

“दारात येत व्हता टँकर,” कडूबाई म्हणाल्या. “कोण्या मुडद्यानं हितं आणून घातला?”

“आमच्याही दारात यायचा,” सेक्रेटरी म्हणाले. “अगदी बरोबर बोललात तुम्ही. अक्कल गहाण ठेवलेला माणूस असणार कोणीतरी.”

“दोन वस्त्यांचा तळतळाट लागंल त्याला.”

“लागलाच पाहिजे.”

सहा वर्षांत शांतिबन आणि खदानवस्तीचं एकमत झालेली ही पहिलीच गोष्ट होती. पुढे उभ्या असलेल्या सेक्रेटरींना एकदम आठवलं, आणि मागे न बघताच त्यांनी विचारलं, “यमुनाकाकू, तुमचे मिस्टर तिथंच असतात ना? त्यांना माहीत असेल कोण आहे हा शहाणा.”

यमुनाबाईंनी हंड्यात बघितलं. “ते घरी ऑफिसचं काही बोलत नाहीत,” त्या म्हणाल्या.

इतके शिव्याशाप चालले असताना बायको आपल्याला झाकतेय, यानं वैजापूरकरांना भरून आलं. गप्प बसले असते तर निभावलं असतं. पण आठ वर्षांत या ठिपक्यांबद्दल कोणी विचारलं नव्हतं, आणि आता पन्नास माणसं विचारत होती.

“मीच,” ते म्हणाले.

फकिराचा हात कॉकवर तसाच राहिला. सेक्रेटरींचं तोंड उघडं पडलं. कडूबाईंनी मागे वळून वैजापूरकरांना बघितलं, मग रांगेच्या एका टोकाला शांतिबनच्या बायका बघितल्या, दुसऱ्या टोकाला आपल्या बाया बघितल्या. त्यांना काय कळायचं ते कळलं असावं, कारण त्यांनी मान हलवली.

“असं व्हय,” त्या म्हणाल्या. “मंग भाऊसाहेब, रांगंत मधीच कशे घुसले? ठिपका तुमचा असंल, नंबर नाय तुमचा. मागं जा.”

यमुनाबाईंनी बाजूला सरकून वाट दिली. वैजापूरकर दोन्ही बादल्या घेऊन मागे निघाले. रांग खदानीच्या वळणापर्यंत गेलेली होती.